खोटे तिकीट, खोटा कर्जरोखा, खोटा भाऊ : इ. स. १७७५-७६ मधील तीन शहरांतील अभियोग

१

इ. स. १७७५ च्या जून महिन्यात लंडन आणि कलकत्ता ह्या दोन शहरांत एकाच गुन्ह्याबद्दल दोन वेगवेगळे खटले चालले. लंडनमध्ये रॉबर्ट आणि डॅनियल पेरो ह्या जुळ्या भावांवर, आणि कलकत्त्यास महाराज नंदकुमार ह्यांच्यावर, खोटा कर्जरोखा तयार केल्याचा आरोप होता. तिघेही दोषी ठरले व तिघांनाही फाशी झाली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १७७६ च्या डिसेंबरात, पुण्यात एका मनुष्यास देहदंड देण्यात आला. त्याने कोणताही कागद खोटा केल्याचा आरोप नव्हता. तो स्वतःच खोटा होता. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव त्याने धारण केले होते.

हे तीन अभियोग तीन निरनिराळ्या शहरांत चालले. परंतु तिन्हींतील मूळ प्रश्न एकच आहे. खऱ्यासारखे दिसणारे जे पुढे आले आहे ते खरे आहे की नाही, हे कशावरून ठरवावयाचे? आणि ते खोटे ठरल्यास त्या खोटेपणाची किंमत किती धरावयाची? लेखनाचा व भाषेचा अभ्यास करणाऱ्यास ह्या प्रश्नात विशेष रस वाटणे स्वाभाविक आहे. कारण खरेखोटेपणाची पारख पुष्कळदा अक्षर, शिक्का, नाव आणि शब्द ह्यांवरच येऊन ठेपते. प्रस्तुत लेखात प्रथम इंग्लंडातील लॉटरीच्या तिकिटांचा व त्यांसंबंधीच्या गुन्ह्यांचा, नंतर कलकत्त्याच्या खटल्याचा आणि शेवटी पुण्याच्या तोतयाचा विचार करावयाचा आहे.

२

इंग्लंडात सरकारी लॉटरी १६९४ मध्ये सुरू झाली आणि १८२६ मध्ये बंद पडली. ह्या १३२ वर्षांत तिच्या द्वारे सरकारने युद्धांसाठी पैसा उभारला, लंडनमधील वेस्टमिन्स्टरचा पूल बांधला आणि ब्रिटिश म्यूझियमची स्थापना केली. म्यूझियमसाठी १७५३ च्या कायद्यान्वये काढलेल्या सोडतीत प्रत्येकी ३ पौंडांची १,००,००० तिकिटे होती. जमणाऱ्या ३,००,००० पौंडांपैकी २,००,००० पौंड बक्षिसांसाठी ठेवलेले होते.

तिकीट खोटे होऊ नये म्हणून कायद्याने जी योजना केली होती ती मोठी बोधप्रद आहे. तिकिटे सुटी छापली जात नसत. ती पुस्तकांत छापली जात. प्रत्येक पानावर उभे तीन रकाने असत व तिन्हींत एकच अनुक्रमांक छापलेला असे. ह्या रकान्यांच्या मधून तिरप्या रेषांची व वेलबुट्टीची नक्षी काढलेली असे आणि तिकीट त्या नक्षीतूनच वेडेवाकडे कापून वेगळे केले जाई. एक तुकडा ग्राहकास मिळे, दुसरा सोडतीच्या चक्रात जाई आणि तिसरा पुस्तकातच राही. बक्षीस लागले की ग्राहकाचा तुकडा पुस्तकातील तुकड्यास जोडून पाहावयाचा. नक्षीच्या रेषा जुळल्या तर तिकीट खरे. खरेपणाची साक्ष तिकिटाच्या अंगी नसून त्याच्या जोडीदाराशी असलेल्या नात्यात होती. हा मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे मराठी दफ्तरांचा विचार करताना त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

तथापि कुलूप बनविणारा एक असला तर ते उघडणारे दहा निघतात. तिकीट महाग असल्याने दलाल त्याचे अर्धे, चतुर्थांश, अष्टमांश, षोडशांश असे भाग करून विकीत. ह्या भागांच्या पावत्या सरकारी नव्हत्या. शिवाय न लागलेल्या तिकिटावरील एखादा अंक खरवडून तेथे बक्षिसाचा अंक घालणे, हा मार्ग होताच. सोडत अनेक दिवस चाले. अमुक अंक आज निघेल की नाही, ह्यावर ‘विमा’ ह्या नावाखाली पैजा लागत. आणि ज्यांना संपूर्ण तिकीट परवडत नसे असे नोकरचाकर, कारागीर, मोलकरणी ह्या पैजांत बुडत.

सोडत गिल्डहॉलमध्ये होत असे. दोन मोठी चक्रे असत. एकात अंक आणि दुसऱ्यात बक्षिसांच्या व कोऱ्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्या काढण्याचे काम ख्राइस्ट्स हॉस्पिटल ह्या अनाथ व गरीब मुलांच्या शाळेतील निळ्या झग्याच्या मुलांकडे असे. मुलांची निरागसता हीच प्रामाणिकपणाची हमी मानली होती. १७७५ मध्ये ही हमीही ढळली. एका मुलास फूस लावून त्याच्याकरवी एक अंक आधीच लपवून ठेवविण्यात आला व तो ठरलेल्या दिवशी ‘निघाला’; त्या अंकावर अर्थातच पैज लावलेली होती. तेव्हा त्याच वर्षीच्या डिसेंबरात राजकोषाच्या अधिकाऱ्यांनी हुकूम काढला की, कामावर येणाऱ्या मुलाच्या झग्याच्या बाह्या व छाती बंद करावी, खिसे शिवून टाकावेत, हात तपासावेत. काम करताना त्याने डावा हात पाठीमागे कमरपट्ट्यात ठेवावा आणि उजव्या हाताची बोटे पसरलेली असावीत. निरागसतेवरचा विश्वास सुईदोऱ्यावर येऊन थांबला, असेच म्हणावे लागते.

३

ह्या गुन्ह्यांच्या शिक्षा पाहू लागले म्हणजे कायद्याची दृष्टी स्पष्ट होते. लॉटरीचे तिकीट खोटे करणे हा प्राणदंडाचा गुन्हा होता. १७२९ च्या कायद्याने खाजगी कर्जरोखे, हुंड्या, मृत्युपत्रे इत्यादी कागद खोटे करण्यासही हीच शिक्षा लागू केली. उलट ब्रिटिश म्यूझियमच्या लॉटरीचा एक अधिकारी पीटर लेह्यूप ह्याने एका माणसास २० हून अधिक तिकिटे देऊ नयेत हा निर्बंध खोट्या नावांच्या आधारे मोडला. त्यात तिकिटांची साठेबाजी झाली व ती चढ्या भावाने विकली गेली. त्याच्यावर खटला होऊन १७५५ मध्ये त्यास १,००० पौंड दंड झाला. तिकिटावरचा एक अंक बदलणारा फासावर जाई आणि हजारो तिकिटांवरची नावे बदलणारा दंड भरून घरी जाई. हा विरोध केवळ पक्षपाताने उलगडत नाही. लेह्यूपची तिकिटे ‘खरी’ होती. खोटी होती ती माणसे. इंग्लंडचा कायदा कागदाच्या खरेपणास जपत होता, कारण त्या देशाचा व्यापार, कर्ज आणि सरकारी पत ही सारी कागदावर उभी राहिली होती.

पेरो बंधूंच्या खटल्यात हेच दिसते. ॲडेर नावाच्या धनिकाच्या नावाचा ७,५०० पौंडांचा रोखा त्यांनी ड्रमंड ह्या पेढीपुढे ठेवला व तो खोटा निघाला. लंडनमधील बड्याबड्यांनी दयेची याचना करूनही १७ जानेवारी १७७६ रोजी दोघे फासावर गेले. पुढे जून १७७७ मध्ये डॉ. विल्यम डॉड ह्या प्रसिद्ध धर्मोपदेशकाचीही तीच गत झाली.

ह्या खटल्यांत शब्दांना विलक्षण महत्त्व असे. खोटा कागद आरोपपत्रात अक्षरशः उतरवून द्यावा लागे. मूळ कागद आणि आरोपपत्र ह्यांत एका अक्षराने शब्द बदलला तरी आरोप ढासळू शके. पाठभेदांचा इतका काटेकोर विचार आज आपण ग्रंथसंपादनातच करतो. तेथे त्यावर जीव टांगलेला असे. शिक्षेची कठोरता अखेर तिच्याच मुळावर आली. जूरी दोषी ठरविण्यास कचरू लागल्या आणि १८३० मध्ये अनेक शहरांतील पेढीवाल्यांनीच हा प्राणदंड रद्द करावा म्हणून संसदेकडे अर्ज केला. अशा गुन्ह्यासाठी शेवटची फाशी १८२९ मध्ये झाली. १८३७ पर्यंत ही शिक्षा पूर्णपणे रद्द झाली.

४

हाच कायदा हिंदुस्थानात आला तो कलकत्त्यास. नंदकुमार ह्यांनी मार्च १७७५ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज ह्याच्यावर लाच घेतल्याचे आरोप केले. मे महिन्यात त्यांना जुन्या एका कर्जरोख्याच्या प्रकरणी अटक झाली. ८ जूनपासून १६ जूनपर्यंत सर्वोच्च न्यायालयात खटला चालला. सरन्यायाधीश एलिजा इम्पी व त्याचे तीन सहकारी न्यायासनावर होते आणि जूरीतील बाराही जण युरोपीय होते. ५ ऑगस्ट १७७५ रोजी नंदकुमारांना फाशी देण्यात आले.

ह्या खटल्याच्या राजकीय बाजूविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. १७८८ मध्ये इम्पीवर महाभियोग आणण्याचा प्रयत्न झाला व तो फसला. येथे आपणास त्यातील पुराव्याचे स्वरूप पाहावयाचे आहे. रोखा फार्सीत होता. त्यावर साक्षीदार म्हणून जे शिक्के होते त्यांत एक कमालुद्दीन ह्या नावाचा होता. कमालुद्दीन अली खान न्यायालयात उभा राहून म्हणाला की, हा शिक्का माझा. काही वर्षांपूर्वी मी तो नंदकुमारांकडे पाठविला होता व तो परत आला नाही. मात्र ह्या रोख्याला मी साक्ष घातलेली नाही. बचावपक्षाचे म्हणणे असे की, रोख्यावरील साक्षीदार हा नव्हेच; तो महंमद कमाल नावाचा दुसराच मनुष्य असून तो मरण पावला आहे. म्हणजे शिक्क्यावर कोरलेले नाव कोणत्या देहाचे, ह्या प्रश्नावर एका मनुष्याचा जीव अडकला होता. आणि ह्या प्रश्नाचा निर्णय, साक्षी दुभाष्याच्या तोंडून ऐकणाऱ्या बारा परकीयांनी केला. फार्सी पत्रव्यवहारात शिक्का उसना दिला जातो काय, मुनशीच्या हाती राहतो काय, एकाच नावाचे किती मजकूर शिक्क्यांवर आढळतात, हे व्यवहारज्ञान त्यांना कोठून असणार?

बंगालमध्ये तोवर चालत आलेल्या न्यायपद्धतीत अशा गुन्ह्यास प्राणदंड नव्हता. १७६५ मध्ये राधाचरण मित्र ह्या गृहस्थास ह्याच इंग्रजी कायद्याखाली फाशीची शिक्षा झाली असता कलकत्त्याच्या रहिवाशांनी अर्ज केला व त्यास माफी मिळाली. दहा वर्षांनी नंदकुमारांना ती मिळाली नाही. ज्या समाजाची पत शिक्क्यावर, जबानीवर आणि प्रतिष्ठेवर चाले, त्याला लंडनच्या पेढ्यांसाठी घडविलेला कायदा लावला गेला.

५

आता महाराष्ट्राकडे वळू. खोट्या लेखाचा विचार आपल्या धर्मशास्त्रात जुना आहे. ‘कूट’ हा त्यासाठीचा शब्द: कूटलेख्य, कूटसाक्षी, कूटतुला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात राजाच्या नावाने खोटे शासन करणाऱ्यास वधाची शिक्षा सांगितली आहे. संशयित लेखाची शुद्धी कशी करावी हे याज्ञवल्क्याने सांगितले आहे: त्याच व्यक्तीच्या हातच्या दुसऱ्या लेखाशी ताडून, तर्काने, खुणांवरून, उभयपक्षांच्या पूर्वसंबंधावरून आणि मालमत्ता कशी हाती आली त्यावरून. केवळ शिक्का पाहून निर्णय करू नये, व्यवहाराची सारी साखळी तपासावी, असा ह्याचा अर्थ आहे.

पेशवाईतील कागदांत खोटेपणास अटकाव करण्याच्या ज्या युक्त्या आढळतात त्यांपैकी कित्येक भाषेच्याच आहेत. हुंडीतील रक्कम अंकी व अक्षरी लिहून शिवाय तिची निमपट सांगावयाची व ‘त्याची दुप्पट’ म्हणून पुन्हा मूळ रकमेवर यावयाचे, ही रीत पाहावी. शंभराच्या पुढे एक शून्य वाढविणे सोपे आहे. ‘निमे पन्नास’ बदलणे तितके सोपे नाही. हुंडी गहाळ झाल्यास तिची ‘पेठ’ व तीही हरवल्यास ‘परपेठ’ देत. त्यामुळे एका रकमेचे दोन कागद हिंडू लागले तरी त्यांची नाती नावावरून कळत. राजपत्राच्या शेवटी ‘लेखनसीमा’, ‘मोर्तब सुद’ किंवा ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे येतात, ती नुसती शोभेची नव्हेत. मजकूर येथे संपला, ह्याखाली कोणी काही वाढवू नये, असे ते कुंपण आहे. कागदाचे बंद एकमेकांस चिकटवीत त्या सांध्यावर पाठीमागे शिक्का असे. मधला बंद बदलला की शिक्का फाटावा. आणि ‘बार’ ही खूण दफ्तरी नोंद झाल्याचे सांगे. लंडनच्या तिकिटाचा जोडीदार जसा पुस्तकात, तसा सनदेचा जोडीदार दफ्तरात.

वाद पंचांपुढे गेला की दोन्ही पक्षांच्या तकरिरी, साक्षी आणि कागद तपासून सारांश निघे व निवाडपत्र होई. जिंकणारा हरकी देई, हरणारा गुन्हेगारी भरी व येजितखत लिहून देई. खाजगी कागद खोटा ठरला तर बहुधा तो रद्द होई आणि पक्ष हरे. फार्सी, संस्कृत व देशी शब्दांची ह्या व्यवहारात जी सरमिसळ आहे, ती दोन न्यायपरंपरांच्या सहवासाची खूण आहे.

६

अशा ह्या व्यवस्थेपुढे, ज्याची पारख कोणत्याही सांध्यावरून होणार नव्हती, असा एक ‘लेख’ येऊन उभा राहिला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराजाने लिहिलेल्या वृत्तांतावरून, धड आणि शिर वेगवेगळी सापडून त्यांची ओळख अंगावरील खुणांनी पटविण्यात आली असे दिसते. परंतु पुण्यातील कोणीही ते पाहिले नव्हते. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणावरून परत आल्या. पती गेले हे त्यांनी कधीच मान्य केले नाही व वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. जेथे घरात संशय जिवंत होता तेथे गावात तो असणारच.

ह्या संशयातून तोतये उत्पन्न झाले. जनकोजी शिंद्यांचाही एक निघाला. भाऊसाहेब म्हणून पुढे आलेला मनुष्य सुखनिधान नावाचा उत्तरेकडील कनोजी ब्राह्मण होता. १७६५ च्या सुमारास त्यास पुण्यास आणून थोरल्या माधवरावांनी चौकशी केली. तो खोटा ठरला. मात्र मारला न जाता किल्ल्यांवरून कैदेत राहिला. ह्याचे परिणाम १७७६ मध्ये दिसले. माधवराव आणि नारायणराव दोघेही गेलेले, गादीवर दोन वर्षांचे मूल, कारभार नाना फडणीस व सखारामबापूंच्या हाती, इंग्रजांशी १ मार्च रोजी झालेला पुरंदरचा तह अजून ताजा. अशा वेळी रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे ह्याने तोतयास कैदेतून काढून त्याचा पक्ष धरला. कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्याकडे गेले, हजारो माणसे मिळाली आणि तो घाटाच्या तोंडाशी, राजमाचीपर्यंत येऊन पोहोचला.

ह्या यशाचे मर्म समजून घेतले पाहिजे. तोतयास शिक्का खोटा करण्याची गरज नव्हती, हस्ताक्षराची नक्कल करण्याचीही नव्हती. माणूस खरा ठरला की त्याचा प्रत्येक हुकूम आपोआप खरा ठरणार होता. मनूने ज्यास कूटशासन म्हटले ते येथे एकेका कागदाने नव्हे तर एका देहाने साधले होते. लंडनमध्ये राज्याची पत कागदावर होती म्हणून कागद खोटा करणारा मरणास पात्र ठरला. पुण्यात ती वंशावर व व्यक्तीवर होती, म्हणून व्यक्ती खोटी करणारा.

महादजी शिंदे आणि भिवराव पानसे ह्यांनी बंड मोडले. तोतया समुद्रमार्गे निसटला असता रघूजी आंग्र्यांच्या हाती सापडला व पुण्यास आणला गेला. त्यास मारून टाकणे कारभाऱ्यांस अवघड नव्हते. पण गुपचूप मारला असता तर संशय मेला नसता. म्हणून भाऊसाहेबांना जवळून ओळखणाऱ्या माणसांसमोर त्याची चौकशी झाली. पुरावा कोणता? चेहरा, अंगावरील खुणा, घरच्या माणसांची व प्रसंगांची आठवण. याज्ञवल्क्याने लेखासाठी सांगितलेल्या कसोट्याच माणसास लावल्या गेल्या: खुणा, पूर्वसंबंध, आगम. तो त्यांस उतरला नाही. डिसेंबर १७७६ मध्ये मेखसूच्या प्रहारांनी त्याचा अंत करण्यात आला. न्यायालयीन दृष्ट्या प्रश्न मिटला. पार्वतीबाई त्यानंतरही १७८३ पर्यंत जगल्या आणि त्यांनी आपला निश्चय सोडला नाही. निवाड्याने सिद्ध होणारे सत्य आणि मनास पटणारे सत्य ह्यांतील अंतर ह्याहून स्पष्ट करणारे उदाहरण विरळाच सापडेल.

७

ह्या प्रकरणाने मराठीच्या शब्दव्यवहारावर ठसा उमटवला आहे. ‘बनावट’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ केवळ घडण असा. पुढे ती घडण खोटी, हा अर्थ प्रबळ झाला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या मराठी पाठात कागदाच्या खोटेपणास ‘बनावटीकरण’ म्हटले, तर दुसऱ्या व्यक्तीचे रूप घेऊन केलेल्या फसवणुकीस ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’. १ जुलै २०२४ रोजी त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तरी कागदाचा खोटेपणा आणि माणसाचा खोटेपणा हे दोन वेगळे गुन्हे, हा भेद टिकून आहे. इंग्रजी कायद्यातील कल्पना मराठीत आणताना भाषांतरकारास नवा शब्द घडवावा लागला नाही. पुण्याच्या इतिहासाने तो आधीच रूढ केला होता. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ ह्या नाटकाने तो घरोघर पोहोचविला.

दफ्तरांत काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ह्यातून एक व्यावहारिक सूचना निघते. इंग्रजी अमलात, विशेषतः १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वये, इनाम कमिशनने घराण्याघराण्यांकडून सनदा मागितल्या, तेव्हा घरातील कागद आणि सरकारी दफ्तरातील नोंद ह्यांचा मेळ बसणे हीच कसोटी ठरली. ज्यांच्या सनदेचा जोडीदार दफ्तरात सापडला नाही त्यांची वतने धोक्यात आली. त्यांपैकी सर्वांचेच कागद खोटे होते असे म्हणता येत नाही. नोंद नसणे आणि खोटे असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पेशवे दफ्तरातील एखादा कागद हाती आला म्हणजे अक्षर, शिक्का, ‘बार’ आणि शेवटचे मोर्तब पाहावेच. पण त्याबरोबर तो कोणी, कोणापुढे, कोणत्या गरजेने मांडला हेही विचारावे. कलकत्त्याच्या जूरीने हा दुसरा प्रश्न पुरेसा विचारला नाही, आणि ती चूक दुरुस्त करण्याची संधी नंतर कोणासही मिळाली नाही.